मानाच्या दोन बाटल्या

बाटल्या मी निवडल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकणाऱ्याने मध्येच भलत्याला शिव्या घालायला नकोत. शिव्या घालण्यासारखी माणसं या गोष्टीत आहेत, त्यांचीही पाळी येईल.

एको बेंट्सिल म्हणजे आमच्या सॉल्टपाँडचा फोटोवाला. बावीस वर्षं मी त्याच्या घरात राहिले, त्याच्या चुलीवर रांधलं, त्याचे फोटो धुतले, वाळवले, कडा कापल्या. घरामागच्या न्हाणीघराच्या खिडकीला फळ्या ठोकून त्याने डार्करूम केली होती. तिथे त्याच्यापेक्षा माझेच तास जास्त गेले असतील. आम्हाला मूल झालं नाही. आणि लग्नही झालं नव्हतं, म्हणजे एकोच्या घरच्यांच्या मते. आमच्याकडे मुलाच्या बाजूने श्नॅप्सच्या, म्हणजे परदेशी कडक दारूच्या, दोन सीलबंद बाटल्या मुलीकडच्या वडीलधाऱ्याच्या हातात पडल्या की बाई बायको होते. त्याआधी ती नुसती घरात राहणारी. या मानाच्या बाटल्या नेऊन द्यायच्या त्या एकोच्या मामाने, कारण क्वामेना आर्हिन मामा त्यांच्या कुळाचा प्रमुख. दर वर्षी एको विचारायचा आणि दर वर्षी मामा म्हणायचा, "अरे, ती काय पळून चाललीये? देऊ की सावकाश."

सावकाश म्हणणाऱ्याचं काय जातं! घर एकोने स्वतःच्या कमाईवर बांधलेलं होतं. पण आमच्यात पुरुष गेला की त्याचं सगळं त्याच्या आईच्या कुळाकडे जातं. मागे बायको असेल तर तिला कुणी हलवत नाही, मरेपर्यंत एक खोली आणि एक चूल तिची. बायको नसेल तर आठव्या दिवशी तिने गाठोडं उचलायचं. माझं म्हातारपण त्या दोन बाटल्यांवर टांगलेलं होतं.

मग ते उपासमारीचं वर्ष आलं. पाऊस नाही, रानं पेटलेली, दुकानांच्या फळ्या रिकाम्या. केंकीसाठी, मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी, बायका पहाटेपासून रांगेत बसायच्या. त्यात एकोचा खोकला काही केल्या बरा होईना. एक दिवस तो अंथरुणावर उठून बसला आणि म्हणाला, "मामाची वाट बघत बसलो तर मी जाईन वर आणि तू येशील रस्त्यावर." दुसऱ्याच दिवशी त्याने त्याचा मोठा लाकडी कॅमेरा एका जहाजावरच्या खानसाम्याला देऊन टाकला आणि बदल्यात श्नॅप्सच्या दोन बाटल्या घेऊन आला. त्या वर्षी श्नॅप्स डोळ्यांनी दिसली तरी माणसं टोपी काढत होती.

आम्ही माझ्या गावी गेलो, माझ्या काकांकडे, पापा अन्नानकडे. एकोने लहान कॅमेरा स्टँडवर लावला, आपोआप फोटो निघण्याची कळ ओढली आणि काठी टेकत धावत येऊन काकांसमोर उभा राहिला, दोन्ही हातांत दोन बाटल्या पुढे धरून. काकांनी रीतीप्रमाणे मला भराभर तीनदा विचारलं, "एफुआ, घेऊ का ही दारू?" मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात म्हटलं की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

"मामा म्हणेल, तुझी माणसं तुझ्याच बाजूने बोलणार," परत येताना एको मला म्हणाला. "पण फोटोत हात माझे आहेत. माझ्या हातांना तो खोटं कसं पाडेल?"

काकांनी बाटल्यांतलं थोडं पितरांच्या नावाने जमिनीवर ओतलं, बाकीचं घरात वाटलं. रिकाम्या बाटल्या मी मागून घेतल्या. त्या वर्षी रिकाम्या बाटलीलाही किंमत होती, तेल घ्यायला जाताना बाटली आपली आपण न्यावी लागायची. दोन महिन्यांनी काका वारले. म्हणजे आता उरली ती फिल्म. आणि ती धुवायचं औषध, डेव्हलपर, अख्ख्या देशात नव्हता.

खानसामा पुढच्या खेपेला डेव्हलपरचा एक पुडा घेऊन आला. पुड्याचा कोपरा फाटलेला. आत समुद्राची हवा शिरून पावडरचे खडे व्हायला लागले होते. आणि हायपो, ज्यात फिल्म पक्की करायची, तो आणखी तीन आठवड्यांनी येणार. पावडर तशीच ठेवली तर वाया जाणार, म्हणून ती लगेच पाण्यात कालवायची आणि तीन आठवडे जिवंत ठेवायची. ठेवायची कशात? मी घरातल्या सगळ्या बाटल्या अंगणात मांडल्या. एको उंबऱ्यात शाल गुंडाळून बसला.

"प्लॅस्टिकचा डबा आहे ना," तो म्हणाला.

"मागच्या वेळी काय झालं आठवतं का? पंधरा दिवसांत कोरा चहा झाला होता त्याचा. प्लॅस्टिक श्वास घेतं, तूच सांगितलंस ना?"

"मग बिअरच्या घे. तपकिरी आहेत, उजेड लागत नाही."

"बूच एकदा उघडलेलं. परत बसवलं तरी सुंईसुंई वाजतंय, ऐक." मी बाटली त्याच्या कानाशी नेली. "पामतेलाच्या बाटल्या राखेने घासून हात सोलले, तरी तवंग जात नाही. ही रॉकेलची, वासावरूनच कळतंय. दवाखान्यातल्या खोकल्याच्या औषधाच्या सगळ्यांत बऱ्या, तपकिरी, झाकण घट्ट. पण एवढ्याशा. पंधरा-सोळा लागतील आणि आहेत पाच."

"पाचही माझ्याच खोकल्याच्या," एको म्हणाला. "अजून थोडं खोकतो, मग होतील सोळा."

मी त्याला फटका मारायला हात उचलला आणि तो हसता हसता खोकायला लागला. मग मी श्नॅप्सच्या त्या दोन हिरव्या बाटल्या पुढे ओढल्या. जाड काच, आट्यांचं झाकण, आत बुचाची चकती, उलटी केली तरी थेंब गळत नाही. हिरव्या काचेतून उजेड जातो हे खरं, पण डार्करूमच्या फळीवर उजेड येणार कुठून? मी म्हटलं, याच.

"मग ते लेबल आधी खरवड," एको म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मी उस्तादाकडे शिकायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकलो. खाण्यापिण्याच्या बाटलीत औषध भरायचं नाही. भरलंच तर तिच्यावरची जुनी खूण ठेवायची नाही."

"घरात पिणारं कोण आहे? तू आणि मी."

"तरी खरवड."

"माझ्या लग्नाचा दुसरा कागद आहे का माझ्याकडे? हे लेबलच काय ते. राहू दे."

बावीस वर्षं त्याला माझी लाज वाटत होती, म्हणजे मला बायको करता आलं नाही याची. म्हणून त्याने हट्ट सोडला. नाहीतर या कामात त्याने कुणाचं ऐकलं नसतं. त्याने दोन कागदांवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फोटोचं औषध. पिऊ नये,' आणि मी ते कसाव्याच्या कंदाच्या खळीने बाटल्यांच्या मागच्या बाजूला चिकटवले. त्या वर्षी झुरळंसुद्धा उपाशी होती. चार दिवसांत खळीसकट दोन्ही कागद फस्त. मी म्हटलं, लावू नवे, घाई काय आहे? मामाचं 'सावकाश' मलाही लागलं होतं.

बाटली गळ्यापर्यंत भरावी लागते, वर हवा राहिली की औषध मरतं. पहिली काठोकाठ भरली. दुसरी दोन बोटं कमी पडली, म्हणून मी किनाऱ्यावरचे तीन पांढरे खडे धुऊन, उकळून आत सोडले. पाणी वर आलं. मग झाकणांभोवती मेणबत्तीचं मेण ओतून दोन्ही बाटल्या बंद केल्या. एकोने बोट फिरवून पाहिलं. "उस्तादालाही असं जमलं नसतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मिळालेली ती शेवटची शाबासकी. सतराव्या दिवशी सकाळी तो गेला.

दुपारी मामा आले, बरोबर एकोची थोरली बहीण आराबा. रीतच आहे, कुळाने येऊन मेलेल्याची खोली बंद करायची. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आराबाने डार्करूमचंही दार ढकललं आणि आतून तिचा आवाज आला.

"अगं बाई! मामा, इकडे या आधी! भाऊ माझा औषधावाचून मेला आणि हिने बघा काय दडवून ठेवलंय. दोन! अख्ख्या!"

"वन्सं, ती दारू नाही. फोटोचं औषध आहे ते."

"वन्सं कुणाला म्हणतेस? वन्सं म्हणायला लग्न लागावं लागतं."

मामांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, मेणावरून नख फिरवलं. "औषधाला एवढं मेण कुणी लावतं का?"

"लावतात मामा. हवा लागली की मरतं ते."

"दारूचंही तेच होतं," आराबा म्हणाली.

"मग उघडा आणि वास घ्या. आत्ता, माझ्यासमोर."

मामांना ते फार लागलं. "मेलेल्या माणसाची बाटली त्याच्या न्हाणीघरात चोरून उघडू? मी कुळाचा प्रमुख आहे की दारुडा? ही उघडेल ती आठव्या दिवशी, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर, त्याच्या नावाने."

मी त्यांना सगळं सांगितलं. काका, तीन वेळा हो, फोटो. मामा नीट ऐकत होते. ते दुष्ट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त स्वतः सोडून दुसरा कुणी बरोबर असू शकतो हे ठाऊक नव्हतं.

"फोटो कुठाय?" त्यांनी विचारलं.

"फिल्ममध्ये. या बाटल्यांतलं औषध मिळालं की निघेल."

"म्हणजे फोटो श्नॅप्समधून निघणार!" आराबा पदर तोंडाला लावून हसली, भाऊ घरात मरून पडलेला असताना.

"हे बघ एफुआ," मामा म्हणाले, "आठव्या दिवसाच्या आत फोटो आणून दाखव. माझ्या भाच्याच्या हाताने दिलेल्या बाटल्या दिसल्या तर तू बायको. विधवेच्या जागी बस, घरात राहा. नाही दिसल्या तर तुझी वाट तुला मोकळी." आणि ते बाटल्या काखेत मारून निघून गेले. फोटो आण म्हणाले आणि फोटो काढण्याची वस्तू घेऊन गेले.

पाचव्या दिवशी खानसामा हायपो घेऊन आला. एकोसाठी रडला आणि गेला. आता फक्त औषध हवं होतं. दोन्ही नको, एक बाटली पुरली असती. माझ्याकडे एकच भारी वस्त्र होतं, एकोने फार वर्षांपूर्वी घेतलेलं. ते मी जकातीवरच्या एका अंमलदाराच्या बायकोला दिलं आणि तिच्या कपाटातली श्नॅप्सची एक खरी बाटली घेतली. सहाव्या दिवशी ती घेऊन मामांकडे गेले.

"मामा, ही घ्या. खरी आहे, सील बघा. आणि त्या दोन मला द्या. दोन नाही तर एक तरी द्या."

मामांनी बाटली घेतली, निरखली आणि आपल्या कपाटात ठेवली. मग कपाटाला कुलूप घातलं.

"या दुष्काळात एकीच्या बदल्यात दोन मागायला आलीस," ते म्हणाले. "मग त्या दोघींत काय असेल याचा मी विचार करायला नको का?"

"औषध आहे हो! किती वेळा सांगू?"

"आणि ही बाटली तू अंत्यविधीला दिलीस असं धरतो. आभारी आहे."

मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि पहिल्यांदा रडले. एकोसाठी नव्हे, रागाने.

आठव्या दिवशी अंगणात ताडाच्या झावळ्यांचा मांडव होता. लाल-काळी वस्त्रं नेसून अर्धं गाव जमलं होतं. विधवेची चटई रिकामी ठेवली होती आणि मला मागे शेजारणींत बसवलं होतं. मामा उठले. त्यांनी माझ्या बाटलीचं मेण चाकूने सोलून काढलं, पेला भरला आणि जमिनीवर ओतू लागले.

"एको बेंट्सिल, ये, ही दारू घे. तुझ्या आजोबांना दे. कुळाला आयुष्य दे."

तीनदा ओतलं. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, "तसंच होवो." माझा फोटो मातीत मुरत होता आणि लोक म्हणत होते, तसंच होवो. मग मामांनी पेला पुन्हा भरला. ओतणाऱ्याने आधी प्यायचं अशी रीत आहे.

मी गप्प बसले असते तर? एक श्वासभर मी गप्प बसले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या एका श्वासात मला वाटलं, पिऊ दे. तीनदा सांगितलंय, वास घ्या म्हटलंय, पिऊ दे आता आणि लोळू दे मातीत. पेला ओठांशी गेला आणि मला एकोचं ते लिहिलेलं आठवलं, पिऊ नये. मी उठले आणि ओरडले.

"मामा, पिऊ नका! त्या दोन्ही बाटल्यांत श्नॅप्स नाही! त्यांत श्नॅप्स नाही, ऐका माझं!"

पाठीमागे रस्त्यावरची माणसंसुद्धा थांबली. मामांनी पेला हुंगला, जिभेचं टोक लावलं आणि थुंकले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कुळाच्या पितरांना त्यांनी आत्ताच तीनदा काय पाजलं होतं ते त्यांच्या लक्षात आलं.

"ती एक गेली तर जाऊ दे," मी माणसं ढकलत पुढे गेले. "दुसरी उघडू नका. तेवढी मला द्या, मामा, पाया पडते, फोटो..."

त्यांनी दुसरीचं झाकण पिरगाळलं आणि बाटली उलटी धरली. औषध भळाभळा वाहिलं आणि शेवटी टप टप टप तीन पांढरे खडे मातीत पडले.

"दगड!" आराबा किंचाळली. "माझ्या भावाच्या दारूत दगड! चेटकीण! हिनेच खाल्लं त्याला!"

सगळे मागे सरकले. पोटुशा बायकांनी पोटावर हात धरले. मी सांगत होते, हवा राहू नये म्हणून टाकलेत, पाणी वर यावं म्हणून, उकळून टाकलेत. त्या अंगणात हवेची गोष्ट ऐकायला कुणी थांबलं नाही. मामांनी आपल्या घरातून कपाटातली बाटली आणवली, माझ्या वस्त्राची, खरी. तिच्यातल्या दारूने विधी नव्याने केला आणि ही दारू कुळाने दिली असं म्हणाले. सगळ्यांनी एकेक घोट घेतला. मला मात्र कुणी दिला नाही.

संध्याकाळच्या आत मी गाठोडं घेऊन गावी निघाले. फिल्मची डबी ब्लाउजमध्ये होती आणि हायपो गारीच्या, म्हणजे भाजलेल्या कसाव्याच्या, पिठाच्या डब्यात.

चौदा महिने गेले. पाऊस आला, दुकानं हळूहळू भरली. खानसामा मला शोधत काकांच्या घरी आला आणि डेव्हलपरचा पुडा देऊन गेला. त्याच दिवशी मी कोठीच्या फटींना चिंध्या कोंबल्या आणि अंधारात फिल्म धुतली. उरलेलं औषध खोकल्याच्या तपकिरी बाटल्यांत भरलं, सोळा होत्या आता माझ्याकडे, आणि प्रत्येकीवर थेट काचेवर रंगाने लिहिलं. मग तारेला लटकवलेली फिल्म दिव्यासमोर धरली.

सगळं आलं होतं. एकोची काठी पायाशी पडलेली, त्याचे दोन्ही हात पुढे, त्यांखाली काकांचे हात. बाजूला मी, तिसरं हो म्हणताना तोंड उघडं. मी खाली बसले आणि त्या निगेटिव्हमधल्या पांढुरक्या चेहऱ्याला म्हटलं, जमलं रे.

फोटो कागदावर उतरवला आणि तो घेऊन मी सॉल्टपाँडला गेले. एकोच्या घरात आता आराबा राहत होती. डार्करूमच्या खिडकीच्या फळ्या काढल्या होत्या आणि आत कोंबड्या होत्या. मामा अंगणात खुर्चीवर बसले होते. मला बघून आराबा नाक मुरडून उभी राहिली, पण मामांनी तिला गप्प केलं, चष्मा घातला आणि फोटो हातात घेतला.

"हा एको," ते म्हणाले.

"हो, मामा."

"हा अन्नान. आणि हात एकोचेच. यात खोटं नाही."

आराबाच्या तोंडचा रंग उडालेला मी पाहिला, खोटं का बोलू, बरं वाटलं. मामांनी बोट फोटोतल्या बाटल्यांवर ठेवलं.

"आणि यात काय आहे?"

"श्नॅप्स, मामा. सीलबंद."

त्यांनी चष्मा काढला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला भांडता आलं असतं. "याच दोन बाटल्या, एफुआ. हीच काच, हेच लेबल. आठव्या दिवशी याच अंगणात, सगळ्या गावादेखत, यांत श्नॅप्स नाही म्हणून कोण ओरडलं होतं?"

"ते नंतर भरलं हो! आधी श्नॅप्सच होती. काकांनी ओतली, सगळे प्यायले."

"असेल. ते फोटोत दिसतं का?"

मी फोटो परत घेतला आणि पाहिला. लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. एकोचा फोकस कधी चुकत नसे.